बरड रान सोलरला भाड्याने द्यावं का? (सल्ला हवाय)

माळावरचा_पिंपळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण लागायला वेळ लागणार). मी नोकरीनिमित्त पुण्यात, आई-वडील गावी. घरची अकरा एकर. त्यातली चार एकर माळाला, सबस्टेशनपासून दीड किलोमीटरवर. निव्वळ मुरूम. वीतभर खणलं की पहार वाजते. पाऊस बरा झाला तर हुलगे नाहीतर मटकी, नाही झाला तर शेळ्या.

मागच्या महिन्यात एक एजंट येऊन गेला. सौर कृषी वाहिनी योजनेतून कंपनीला जागा हवी आहे. हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, दरसाल तीन टक्के वाढ. आमच्या चार एकराचे साधारण दोन लाख होतात. कागद एकोणतीस वर्षं अकरा महिन्यांचा.

वडील बासष्ट वर्षांचे. ते म्हणाले, "माझ्या हयातीत त्या माळानं सगळे मिळून दोन लाख दिले नसतील. देऊन टाक." आईचं म्हणणं, रान एकदा तारेच्या आत गेलं की ते आपलं राहत नाही. सातबारावर नाव राहिलं तरी.

दुसरी बाजू अशी, की गावात अजून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री थ्री फेज मिळते. मागच्या फेब्रुवारीत मी घरी होतो. रात्री साडेबाराला लाईट आली आणि वडील उठले. कांद्याला पाणी. मोबाईलची बॅटरी तोंडात धरून ते दारं धरत होते, कारण एका हातात फावडं आणि दुसऱ्या हातानं लुंगी वर धरलेली. वाफा भरला की फोडायचं, पुढच्यात वळवायचं. दोन वाजता लाईट गेली, पावणेतीनला आली, तोवर ते बांधावर पोतं अंथरून बसून राहिले. मी म्हटलं घरी चला. म्हणाले, "आली की पळत यावं लागतंय."

एजंट म्हणतो, प्लांट झाला की फिडरला (शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला) दिवसा वीज. म्हणजे जमीन दिली तर गावाचं भलं, असंही ओझं आमच्याच डोक्यावर.

तुमच्यापैकी कोणी दिलीय का जमीन? काय बघायचं?

फेज_गेला

डोळे झाकून द्या.

मी वैजापूर तालुक्यातला. आमच्याकडे धोंदलगावला ३ मेगावॅटचा प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला. माझी सासुरवाडी त्याच बाजूला. मेहुण्याला विचारलं तर तो पैशाचं काही बोलत नाही, एकच सांगतो: रात्री झोपतो. सकाळी नऊला मोटर चालू, संध्याकाळी पाचला घरी.

ज्यानं रात्री पाणी भरलं नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. विंचू, साप, ओल्या पायानं स्टार्टरला हात. आणि जुन्नर-शिरूरकडच्यांना विचारा, उसात बिबट्या असताना रात्री पाणी भरायला काय वाटतं ते.

उंटावरचा_शहाणा

@फेज_गेला, दिवसा वीज हवीच, त्यावर वाद नाही. प्रश्न भाड्याचा आहे. थोडं कच्चं गणित मांडतो, चूक असेल तर सुधारा.

१ मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. म्हणजे पिंपळरावांच्या माळावर जवळपास एक मेगावॅट बसतो. आपल्याकडच्या उन्हात त्यातून वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट निघतात. या योजनेतले दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहेत. म्हणजे वर्षाची विक्री सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख.

त्यातले जमीनवाल्याला दोन लाख. शंभरातले चार.

कोंबडी त्यांची, अंडी त्यांची, आणि खुराडं आपलं.

आता ती तीन टक्के वाढ. चक्रवाढीनं तीन टक्क्यांचे दुप्पट व्हायला चोवीस वर्षं लागतात. म्हणजे पंचविसाव्या वर्षी तुम्हाला चार लाख मिळणार. कांदालावणीची मजुरी २००० साली काय होती आणि आज काय आहे, ते आईला विचारा. त्यावरून २०५० सालच्या चार लाखांची किंमत लागेल.

कर्जवसुली

बँकेत ३४ वर्षं काढून निवृत्त झालो, त्यातली निम्मी ग्रामीण शाखांत. शहाणेसाहेब, विक्री म्हणजे नफा नव्हे, हे सांगायलाच हवं.

एका मेगावॅटचा खर्च चार कोटी धरा. केंद्राचं अनुदान मेगावॅटला १ कोटी ५ लाखांपर्यंत. उरले तीन. त्यात सत्तर टक्के कर्ज म्हणजे २ कोटी १० लाख. नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज एकोणीस लाख, पंधरा वर्षांच्या फेडीनं मुद्दल चौदा लाख. धुलाई, राखण, विमा, दुरुस्ती मिळून पाच लाख. झाले अडतीस. हातात उरतात दहाएक लाख, तेही नव्वद लाख स्वतःचे घातल्यावर. त्यातूनच तुमचं भाडं जाणार. शिवाय वीजबिलाचे पैसे थकले, इन्व्हर्टर जळाला, गारपीट झाली, तर ते ज्याचं त्यानं निस्तरायचं.

भाडेवाल्याच्या डोक्याला यातला एकही ताप नाही. दोन लाख बसल्या जागी. मी पिंपळरावांच्या जागी असतो तर सही केली असती, पण कागद वकिलाला दाखवून.

उंटावरचा_शहाणा

मान्य. पण कर्ज पंधरा वर्षांत फिटतं आणि करार तिशीला टेकलेला आहे. नंतरच्या पंधरा वर्षांची मलई कोणाची?

आणि दुसरा रस्ता आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी म्हणून गाव आहे. तिथल्या पाच-सहा शेतकऱ्यांनी २०१५-१६ मध्ये सौर पंपवाल्यांची सहकारी मंडळी काढली. पंपाला लागेल तेवढी वीज वापरायची, उरलेली ग्रीडला विकायची. पाणी उपसून टाकण्यापेक्षा वीज विकलेली बरी, असा हिशेब त्यात आपोआप येतो. आपल्याकडे तर गल्लोगल्ली सहकार. दूध सहकारी, साखर सहकारी, पतपेढी सहकारी. ऊन तेवढं कंपनीचं का?

मुळाकाठ

हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

शहाणेसाहेब, सहकार आणि वीज म्हणताय, मुळा-प्रवरा आठवते का? आमच्याच जिल्ह्यात, श्रीरामपूरला. वीज वाटणारी सहकारी संस्था, देशात अशा मोजक्याच होत्या. आमचे आजोबा सभासद. संस्थेचा दाखला देव्हाऱ्यातल्या फोटोमागे ठेवलेला असायचा. २०११ मध्ये परवाना संपला, नवा मिळाला नाही, वाटपाचं काम सरकारी कंपनीकडे गेलं. मागे राहिली घेतलेल्या विजेची थकबाकी, तीही हजारो कोटींत मोजायची.

का बुडाली, यावर पारावर बसून चार दिवस बोलता येईल. शेतीचा दर कमी, वसुली नाही, वसुलीला जावं तर समोर मतदार. सभासद तोच, मतदार तोच, थकबाकीदारही तोच. संचालकांनी बिल मागायचं कोणाकडे?

सहकाराला नाव ठेवायचं नाही, आमचं घर त्याच दुधावर चाललं. पण ऊस गाळून साखर विकणं वेगळं आणि आपल्याच माणसाला वीज विकून पैसे मागणं वेगळं.

उंटावरचा_शहाणा

@मुळाकाठ, फरक आहे. मुळा-प्रवरा वीज विकत घेऊन वाटत होती, वसुली तिच्या गळ्यात. मी म्हणतोय ते वीज तयार करून एकाच गिऱ्हाईकाला विकायचं. दूध संघासारखं. गिऱ्हाईक सरकारी कंपनी, पंचवीस वर्षांचा करार. केंद्राच्या कुसुम योजनेच्या (शेतकऱ्यांसाठीची सौर योजना) 'अ' भागात शेतकऱ्यांनी, गटांनी अर्धा ते दोन मेगावॅट उभारायची सोय २०१९ पासून आहेच.

कर्जवसुली

सोय आहे, तारण कुठंय? अशा गटाचा अर्ज आला की शाखाधिकारी पहिला प्रश्न विचारतो, नव्वद लाख स्वतःचे कुठून आणणार. मग शेतकरी पुन्हा जमीनच गहाण टाकतो. म्हणजे रान तारेच्या आत आणि सातबाराही बँकेच्या कपाटात. आईंना विचारा, चालेल का.

सातारी_कंदी

पवनचक्क्यांवर कोणीच बोललं नाही म्हणून.

चाळकेवाडी, वनकुसवडेचं पठार. ठोसेघरचा धबधबा बघायला जाता ना, त्याच्या वर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे पवनचक्क्या आल्या. तेव्हा पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा (म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा), नंतर ऐंशी. त्यामुळे वाऱ्यात पैसा टाकणाऱ्यांत ज्यांचा वाऱ्याशी काडीचा संबंध नाही असे पुष्कळ होते, कर वाचवायला आलेले. युनिट किती निघतं याच्यापेक्षा मार्चपूर्वी उभी राहते का याची घाई जास्त.

आमच्या चुलत्यांनी तेव्हा पठारावरचा तुकडा विकला. "वर काय पिकतंय, नाचणी?" असं म्हणत. आलेल्या पैशात खाली घराला स्लॅब पडला. आता ते अंगणात खाटेवर बसून वर फिरणारी पाती बघतात. राग नाही त्यांना, पण पाहुणे आले की न चुकता सांगतात, "तो तिसरा पंखा आपल्या रानात."

पिंपळराव, विकू मात्र नका. भाड्याने देताय तेच बरं.

बालाघाटी

सातारकरांना पाहुण्यांना सांगायला पंखा तरी आहे. आमच्या बीडमध्ये या धंद्याचं काय झालं ते अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. मस्साजोगच्या सरपंचांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे प्रकरण पेटलं, असं आरोपपत्र सांगतं. खटला चालू आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

हरित ऊर्जा, स्वच्छ ऊर्जा म्हणायला छान आहे. पण तिला जमीन लागते, रस्ता लागतो, मुरूम लागतो, राखणदार लागतो. गावात यातली एकेक गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या हातात असते. एजंट कोणाचा माणूस आहे ते आधी बघा, दर नंतर.

अर्धा_फुल्ल

फुकट वीज, फुकट सोलर, फुकट अनुदान. बिल कोण भरतं? आम्ही, शहरातले. जुलै २०२४ ला मोफत वीज आणि नोव्हेंबरात निवडणूक, एवढं गणित तर माझ्या चौथीतल्या मुलीलाही येतं.

फेज_गेला

@अर्धा_फुल्ल, मोफत वीज साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना आहे, मार्च २०२९ पर्यंत. आणि वीज येते रात्री. फुकट ताट वाढून मध्यरात्री उठवलं तर जेवशील का?

उंटावरचा_शहाणा

निवडणुकीचं खरं आहे, पण त्यातच सगळी मेख आहे. शेतापर्यंत वीज पोचवायला युनिटला आठ रुपयांच्या आसपास पडतात, सौर फिडरची तीन रुपयांत, असं सरकारच सांगतं. मोफत वीज कायम ठेवायची तर ती स्वस्तात पडली पाहिजे. या योजनेचं सोळा हजार मेगावॅटचं लक्ष्य उगाच नाही. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचा वायदा झाला म्हणून माझ्या तालुक्यात पॅनेल आलेली नाहीत. फुकट विजेचं ओझं पेलवेना म्हणून आली. मला त्यात वावगं वाटत नाही. काम झाल्याशी मतलब.

अर्धा_फुल्ल

म्हणजे शेवटी आम्हीच कमी भरणार? मग उद्याच बसवा.

संपादक_मंडळ

घरावरचं सोलर, नेट मीटर आणि नवे मीटर यांवरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. कोणत्या पक्षाच्या अध्यक्षांना सूर्य कळतो, याचा पिंपळरावांच्या चार एकराशी संबंध नाही.

वर्ध्याचा_वारा

संपादक, उडवलेल्यांतला एक बहुतेक माझा. हरकत नाही.

माझी नोकरी चंद्रपुरात. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र. सकाळी गाडीच्या काचेवरून बोट फिरवा, नाव लिहिता येते. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला की तुम्ही पुण्यात टीव्हीवर पाहता अन् "बापरे" म्हणता. बाप्पा, आम्ही त्यातच राहतो, शेजारी कोळसा जळत असताना.

२०२५ च्या मध्यात बातमी आली, देशातली निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून, झाली म्हणून. आनंदच आहे. पण क्षमता म्हणजे भांडं, वीज म्हणजे त्यातलं पाणी. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजूनही निम्म्याहून पुष्कळ जास्त. तुमचा पंखा रात्री नऊला फिरतो तो आमच्या राखेवर. सोलरची वीज दुपारी अन् मागणी संध्याकाळी, ही गाठ सुटली नाही तर कोराडीत नवे संच येतच राहणार. इकडं त्याच्या जनसुनावणीत लोकांनी २०२३ मध्ये किती विरोध केला, पाहा.

म्हणून मले शेतीपंपाचं सोलर आवडते. तो एकच गिऱ्हाईक असा आहे की ज्याले वीज दुपारीच पाहिजे. सूर्य अन् मोटर एकाच पाळीत कामावर. याच्यापेक्षा सोपी जोडी नाही.

घाटघरी

+१. उरलेल्या दुपारच्या विजेला साठवण लागते. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र आहेच: वीज स्वस्त असेल तेव्हा खालच्या धरणातून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. आता सह्याद्रीत तसलेच पुष्कळ प्रकल्प कागदावर आहेत. म्हणजे पुढचा धागा बहुधा "धरणासाठी घाटमाथा द्यावा का" असा.

निळी_पायवाट

सगळे "बरड", "पडीक" म्हणताहेत. कोणाचं बरड?

पिंपळरावांचं खासगी आहे, त्यांचं त्यांनी ठरवावं. पण योजनेत सरकारी जमीनही जाते, आणि गावातली सरकारी जमीन म्हणजे बऱ्याचदा गायरान. आमच्या मराठवाड्यात गायरान पडीक नसतं. माझ्या आजीनं त्यात पंचवीस वर्षं ज्वारी घेतली. दगड वेचून वेचून बांध घातला, तो बांध अजून आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीचे कब्जे नियमित करायचा निर्णय झाला, तरी तलाठ्याच्या दप्तरात आमचा प्लॉट अजून "अतिक्रमण"च. कागदावर रिकामा.

प्रकल्पवाला नकाशा बघतो. नकाशावर आजी नसते.

ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख मिळतात, त्यात गाव खूश. ठराव कोण करतं? ज्यांची बागायत आहे ते. दिवसा वीज कोणाला? ज्यांची विहीर आहे त्यांना. गायरान कोणाचं गेलं? ज्यांना विहीरही नाही अन् मोटरही नाही.

सोलरला विरोध नाही माझा. पण भाडं खासगीवाल्याला हेक्टरी सव्वा लाख आणि कसणाऱ्याला नोटीस, हे कसं?

सातारी_कंदी

@निळी_पायवाट, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या पठारावरही गुरं चारणारे होते. त्यांना कोणी विचारलं होतं का, चुलत्यांना विचारून सांगतो.

शेळीपालक_दिनू

आमच्या गायरानात झालाय प्लांट. शेळ्यांना आता दोन किलोमीटर लांबून फिरवून न्यावं लागतं. आत गवत मात्र गुडघाभर वाढतं, मशीननं कापून पेटवून देतात. म्हटलं शेळ्या सोडू द्या, तुमचंही काम होईल. राखणदार म्हणाला, वायर खातील. शेळीनं वायर खाल्लेली मी तरी बघितली नाही. पॅनेलवर चढेल म्हणा, ते खरंय.

कोपनहेगनची_काकू

इथे कोपनहेगनला आमच्या किनाऱ्यावरून मिडलग्रुंडनच्या पवनचक्क्या दिसतात, समुद्रात ओळीनं वीस. २००० साली उभ्या राहिल्या, एकूण ४० मेगावॅट. निम्म्या वीज कंपनीच्या, निम्म्या सहकारी मंडळाच्या, आणि त्या मंडळाचे साडेआठ हजारांवर सभासद म्हणजे आसपासची साधी माणसं. आमच्या शेजारच्या आजोबांकडे काही भाग आहेत. जोराचा वारा सुटला की ते खिडकीत उभे राहून खूश होतात. आपल्याकडे पाऊस पडला की शेतकरी होतो तसे.

उपदेश नाही करत, इथली माणसं श्रीमंत आहेत, भाग घेऊ शकतात. पण सातारकरांचे चुलते "आपल्या रानात" म्हणून पंखा दाखवतात आणि हे आजोबा "आपला" म्हणून दाखवतात, ते वाचून जाणवलं.

बोअर_चारशे_फूट

विषय वेगळा आहे पण जवळचा. ज्यांना फिडरची वाट बघायची नाही त्यांच्यासाठी सरकारची "मागेल त्याला" सौर पंप योजना. आम्ही घेतला, पाच अश्वशक्ती, दहा टक्के भरून. अडीच एकरापर्यंत तीन, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात असा नियम. बोअर किती खोल आहे ते त्यात येत नाही. आमचा चारशे फूट. दुपारी बारा ते तीन धार चांगली, त्याच्या आधी-नंतर बारीक. ढग आला की मुलगा सायकलची हवा गेल्यासारखा चेहरा करतो.

मेमध्ये वादळात दोन पॅनेल फुटले. एजन्सीला (नाव घेत नाही) फोन केला तर फोटो पाठवा म्हणाले. पाठवले. विम्याचा नंबर द्या. दिला. पंचनामा करा. केला. शेवटी त्यांचा माणूस आला, फोटो काढले, गेला. पाच वर्षं देखभाल त्यांचीच आहे, कागद आहे माझ्याकडे.

तरी सांगतो, विकणार नाही. बायको दुपारी स्वतः मोटर चालू करते. पूर्वी रात्री मलाच जावं लागायचं आणि ती जागी राहायची, आत्ता येतोय का मग येतोय.

वकील_अण्णा

उशिरा आलो. पिंपळराव, मुद्द्याचं.

भाडेपट्टा नोंदणीकृत हवा, नोटरीवर भागत नाही. एजंटाच्या नावानं करार असेल तर उठून या. थेट कंपनीच्या नावानं, आणि पोटभाड्याने द्यायचं असेल तर तुमच्या लेखी संमतीनं. कंपनी कर्ज काढते तेव्हा भाड्याचा हक्क बँकेकडे तारण ठेवते. ते ठेवू दे, पण तुमच्या मालकीवर, म्हणजे सातबाराच्या इतर हक्कांत, कर्जाचा बोजा चढणार नाही असं स्पष्ट लिहून घ्या.

भाडं कधीपासून? सहीपासून की वीज सुरू झाल्यापासून? इथेच बहुतेक जण फसतात. सही होते, दोन वर्षं प्रकल्प उभा राहत नाही, रान अडकून पडतं. सहीपासून घ्या, आणि अमुक महिन्यांत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द.

मुदत संपल्यावर पॅनेल, लोखंड आणि पायाचं काँक्रीट काढून द्यायचं कोणी? लिहून घ्या. लोखंड ते नेतील, त्याला भाव आहे. काँक्रीट ठेवून जातील.

आणि वारस. आजोबांच्या नावावरून आलं असेल तर आत्यांचं नाव लागलंय का बघा. नसेल तर आधी ते काम.

माळावरचा_पिंपळ

सगळ्यांचे आभार, खास करून वकील अण्णांचे. आत्याचं नाव लागलेलंच नव्हतं. वडील दोन दिवस गप्प होते. मग स्वतः फोन केला. आत्या म्हणाली, सही देते, पण भाड्यातला वाटा मला नको, शेळ्यांना रस्ता तेवढा ठेवायला सांग. (दिनूभाऊ, तुमची आठवण आली.)

परवा वडिलांना घेऊन शेजारच्या तालुक्यातला एक चालू प्लांट बघून आलो. राखणदार भला माणूस, आत सोडलं. मला वाटलं वडील मीटर, तारा बघतील. ते वाकून पॅनेलच्या खालच्या कडेला बघत होते. तिथे जमिनीत ओळीनं चर पडले होते, बोटभर खोल. पॅनेलवरचं सगळं पाणी एकाच धारेनं खाली पडतं आणि मुरूम कापत जातं. वडील त्या ओघळीच्या मागे मागे चालत तारेपर्यंत गेले. तारेपलीकडे शेजाऱ्याचा बांध फुटलेला, नव्या दगडांनी बुजवलेला.

म्हणाले, "आपल्या माळाखाली कोणाचं रान आहे?"

खाली चुलत्यांचं आहे, डाळिंब. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तसा पाऊस पुन्हा झाला तर चार एकराचं पाणी सरळ त्यांच्या बागेत.

तर आता आमच्या मागण्या चार झाल्या: सहीपासून भाडं, काँक्रीट काढून देणं, शेळ्यांना रस्ता, आणि पाण्याला कडेनं दगडी चर काढून ओढ्याला सोडणं. शहाणेसाहेब, पंधरा वर्षांनंतर भाड्याची फेरआखणीही घालून बघितली. एजंट हसला. बाकीच्या चारवर म्हणाला, वर विचारून सांगतो.

उंटावरचा_शहाणा

हसू द्या. लेखी मागा, नकार आला तरी लेखीच घ्या. पुढच्या गावातल्याला उपयोगी पडेल.

निळी_पायवाट

तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. चर बघणारा माणूस.

फेज_गेला

पण देताय ना? तुमच्या चर-चर करण्यात दुसऱ्या गावाला प्लांट जाईल आणि तुमचा फिडर रात्रीचाच राहील.

माळावरचा_पिंपळ

@फेज_गेला, गावातही दोघं-तिघं हेच बोलले, तुमच्याइतकं हसत नाही.

नऊ दिवस झाले, एजंटाचा फोन नाही. काल रात्रीची पाळी सुरू झाली. वडील गेले होते. आई म्हणते पाऊस वेळेवर दिसतोय, तोवर माळाला हुलगे टाकून घेऊ, बियाणं घरात आहे.